आर्किटेक्चरला जाणाऱ्या लेकराला आधी स्वतःचं घर मोजायला लावा

मे महिन्यात भर दुपारी ऑफिसचं दार वाजलं की मला अंदाज येतो. घर बांधायला काढलेला माणूस या उन्हात येत नाही, तो संध्याकाळी येतो. दुपारी येतात ती बारावीची परीक्षा दिलेली मुलं आणि त्यांना घेऊन आलेले वडील. मुलाच्या हातात गुंडाळी केलेले ड्रॉइंग पेपर, वडिलांच्या डोक्याला बांधलेला रुमाल घामाने ओला. मी पाणी देते, कूलरसमोर बसवते आणि मग पेपर उघडायला सांगते.

दोन वर्षांपूर्वी पारोळा तालुक्यातून एक मुलगी अशीच आली. चित्रं सुरेख होती. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांना चांगली ग्रेड. वडील बराच वेळ गप्प बसून होते. शेवटी म्हणाले, "मॅडम, मनी पोर चित्रं काढस, पन घर बांधनं म्हंजे चित्र थोडंच शे?"

इतका नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नाही. अमळनेरात ऑफिस टाकल्यापासून दर उन्हाळ्यात एक-दोन मुलांना मी कॉलेज सुरू होईपर्यंत शिकवते, आणि काय शिकवायचं याचं उत्तर त्या वडिलांच्या प्रश्नातच आहे. खान्देशातले ड्रॉइंगचे सर, सिव्हिलचे इंजिनिअर, गावात काम करणारे आर्किटेक्ट, नाहीतर आर्किटेक्चर शिकणारी मोठी बहीण, ज्यांच्याकडे असं एखादं लेकरू येतं त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते, कारण घरच्यांचे प्रश्न तिथूनच सुरू होतात. बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, पाच वर्षांची. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेशपरीक्षा नाहीतर जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो, आणि महाराष्ट्रातल्या प्रवेशाच्या फेऱ्या राज्याच्या सीईटी सेलतर्फे होतात. पदवीनंतर १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाली की मगच नावापुढे आर्किटेक्ट लावता येतं. हे वडिलांना पहिल्याच दिवशी समजावून सांगा, आईलाही. पाच वर्षं म्हणजे पाच खरीप. त्यांना आधीपासून माहीत असलं पाहिजे. नाटाची तयारी हा निराळा विषय आहे, तो इथे घेत नाही. मी बोलते आहे ते परीक्षा संपल्यापासून कॉलेजचा पहिला दिवस उजाडेपर्यंतच्या महिन्यांबद्दल.

पहिल्या दिवशी एकच काम

मुलाला कोरा कागद द्या आणि सांगा, "तुझं घर काढ." एवढंच. प्लॅन म्हणू नका, चित्र म्हणू नका.

दहापैकी आठ मुलं काय काढतात सांगते. उतरत्या कौलांचं घर, मागे दोन डोंगर, डोंगरांतून उगवणारा सूर्य, बाजूला नारळाचं झाड. त्या मुलीनेही हेच काढलं. तिचं घर धाब्याचं, वर सपाट मातीचं छत, दारात कडुनिंब. डोंगर बघायचा तर मोटारसायकलवर तासभर जावं लागेल. नारळ तर नाहीच.

यात तिची काही चूक नाही. पहिलीपासून तिने हेच घर काढलंय आणि शाबासकी मिळवली आहे. हात सरावाने चालतो, डोळ्याला काम पडत नाही. म्हणून तो कागद फाडू नका, त्यावर शेरा लिहू नका. तारीख घालून जपून ठेवा. पुढचे तीन महिने तुम्हाला याच कागदावर काम करायचं आहे.

टेप, वही आणि हरवलेली खाट

दुसऱ्या दिवशी मुलाला त्याच्या घरी पाठवा, जमलं तर स्वतः जा. सोबत पाच मीटरची स्टीलची टेप, लांब मापांसाठी तीस मीटरची फितीची टेप, चौकटीची वही आणि एचबी पेन्सिल. आणखी काही लागत नाही.

मापं घ्यायची रीत अशी. आधी टेपला हात न लावता सगळ्या घरातून दोनदा फिरायचं. मग हाताने, अंदाजाने प्लॅन काढायचा, पानभर मोठा, कारण मापं लिहायला जागा लागते. दार कुठे, खिडकी कुठे, खांब कुठे, देवळी कुठे, सगळं आधी दाखवायचं. मग मोजायला दोघांनी मिळून लागायचं. एक टेप धरून आकडा मोठ्याने वाचेल, दुसरा तोच आकडा मोठ्याने परत म्हणेल आणि मग लिहील. परत म्हणण्याने निम्म्या चुका जागच्या जागी सापडतात. भिंतीवरची मापं तुकड्या-तुकड्याने घ्यायची नाहीत. एका कोपऱ्यात शून्य धरून टेप तशीच ताणलेली ठेवायची आणि दाराची कड, दाराची दुसरी कड, खिडकीची कड असे आकडे ओळीने वाचत जायचं. तुकडे जोडले की प्रत्येक जोडाला अर्धा सेंटिमीटर निसटतो. शेवटी प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजायचे. जुन्या घरात खोली काटकोनात असते हे गृहीत धरायचंच नाही, आणि ते फक्त कर्ण सांगतात.

त्या मुलीने हे सगळं आपल्या धाकट्या भावाला घेऊन केलं आणि तिसऱ्या दिवशी घाबरून आली. "मॅडम, माझं काहीतरी चुकलंय. घर बाहेरून ९ मीटर १० भरतं. आतल्या खोल्यांची बेरीज केली तर ३.०५, २.६० आणि १.५०, म्हणजे ७.१५ च होते. १ मीटर ९५ कुठे गेलं?"

मी म्हटलं, १ मीटर ९५ म्हणजे एक खाट. तुझ्या घरात एक खाट हरवली आहे, जाऊन शोध.

ती परत गेली. संध्याकाळी फोन आला, आवाजावरूनच कळलं की सापडली. बाहेरच्या दोन मातीच्या भिंती साठ-साठ सेंटिमीटर, आतली एक चाळीस, एक पस्तीस. बेरीज १९५. अठरा वर्षं ज्या घरात झोपली, त्या घराच्या भिंतीला जाडी आहे हे तिला त्या संध्याकाळी समजलं. दाराच्या चौकटीत हात घालून तिने ती मोजली होती.

हा क्षण मुलाला तुम्ही देऊ नका, त्याचा त्याला मिळू द्या. "अरे, भिंतीची जाडी धरली नाहीस" असं सांगून मोकळं होणं सोपं असतं. मी पूर्वी सांगून टाकायची. सांगितलेलं चार दिवसांत विसरतं. शोधलेली खाट ती म्हातारी झाल्यावरही विसरणार नाही.

घर मोजताना घरातल्या मोठ्या माणसांना सोबत घ्या. तिच्या आजोबांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी तिला सांगितलं की हे तीन खणाचं घर. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि लाकूड जेवढ्या लांबीचं मिळतं तेवढाच खण होतो. खोली किती रुंद करायची हे त्या काळी लाकडाने ठरवलेलं होतं. कॉलेजात हेच तिला 'स्ट्रक्चरल बे' म्हणून शिकवतील. तेव्हा तिला आबा आठवतील आणि तो धडा परका वाटणार नाही. आबांकडूनच तिला हेही कळलं की धाब्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून का चोपायची, पाणी कुठल्या बाजूला काढायचं, आणि छतातलं सानं, म्हणजे उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेलं भोक, मातीच्या झाकणाने पावसाळ्यात का बंद करायचं.

याच दिवसांत वहीच्या पहिल्या पानावर मुलाने स्वतःच्या अंगाची मापं लिहायची. वीत, पाऊल, नेहमीसारखं चालताना पडणारी एक ढांग, हात वर केल्यावरची उंची, उभं असताना डोळ्याची उंची, बसल्यावर गुडघ्याची उंची. मग घरातल्या चुलीच्या ओट्याची, खिडकीच्या खालच्या कडेची, दाराची. आईला विचारायचं, ओटा उंच वाटतो की बुटका? कमरेला त्रास कुठे होतो? त्या मुलीच्या आईने पोळ्या लाटताना हात दाखवून सांगितलं, ओटा चार बोटं खाली हवा होता. एवढ्या एका वाक्यावर मी मुलीला अर्धी दुपार बोलतं केलं.

वांगं कापून सेक्शन

मापं झाली की कागदावर उतरवायचं. प्रमाण १:५० घ्या. खरं एक मीटर म्हणजे कागदावर दोन सेंटिमीटर, मुलाला मनातल्या मनात हिशेब जमतो. नऊ मीटर दहाचं घर १८.२ सेंटिमीटरमध्ये बसतं, ए-टू कागदावर प्लॅन, सेक्शन आणि समोरची बाजू ऐसपैस मावतात. साठची भिंत १२ मिलिमीटर जाड येते, शेजारच्या नव्या घराची विटेची ९ इंची भिंत जेमतेम साडेचार मिलिमीटर. दोन्ही शेजारी काढायला लावा. मुलगा काही न बोलता बराच वेळ बघत बसतो.

प्लॅन आणि सेक्शन समजावताना मी शब्द वापरत नाही, भरताचं वांगं वापरते. आपल्याकडे ते मुबलक. एक वांगं आडवं कापायचं, एक उभं. आडव्या कापात वर्तुळ आणि बियांची नक्षी दिसते, तो प्लॅन. उभ्या कापात देठ, गर, बियांचे थर, सालीची जाडी दिसते, तो सेक्शन. मग विचारायचं, याच वांग्यात सुरी थोडी सरकवून कापली तर? बिया वेगळ्या दिसतील. म्हणजे सेक्शन कुठून घ्यायचा हे आपण ठरवायचं, आणि जिथून जास्त काही सांगता येईल तिथून घ्यायचा. घराचा प्लॅन म्हणजे जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर आडवा काप, म्हणजे दारं-खिडक्या कापात येतात. सुरी जिथून गेली ती रेघ जाड, पलीकडे नुसतं दिसणारं बारीक. पहिल्या वर्षाच्या शीटवरचे अर्धे लाल शेरे याच एका गोष्टीवर असतात. वांगी संध्याकाळी भाजून भरीत करा, लेवा पाटलांच्या घरची भाकरी किंवा कळण्याची भाकरी असली तर उत्तमच.

त्या मुलीला मी सेक्शन सान्यातून घ्यायला लावला. छतातल्या त्या भोकातून उजेडाचा पट्टा खाली येतो, चुलीचा धूर वर जातो. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, बाहेर पडते, तिच्या जागी दारातून गार हवा आत ओढली जाते. मग तिला सांगितलं की चार्ल्स कोरिया यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादला 'ट्यूब हाउस' नावाचं छोटं, स्वस्त घर बांधलं होतं. त्याचं उतरतं छप्पर गरम हवेला वर नेऊन माथ्यावरच्या फटीतून बाहेर काढायचं. ते घर आता उभं नाही, पण त्याचा सेक्शन जगभर शिकवला जातो. तिने स्वतःचा सेक्शन आणि तो सेक्शन शेजारी ठेवले. मोठ्या आर्किटेक्टांची नावं मुलांना सांगायचीच असतील तर अशी, घरातल्या कशाला तरी जोडून सांगा. नुसत्या नावांच्या याद्या पाठ करवून घेऊ नका.

खान्देशचं ऊन हेच पाठ्यपुस्तक

आपल्याकडे ऊन आहे, ते वाया घालवू नका. जळगाव, अमळनेर, धुळे हा पट्टा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर येतो. म्हणून २५-२६ मेच्या सुमारास एक दिवस असा येतो की दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. घड्याळात बारा वाजता नव्हे, आपल्याकडे साडेबाराच्या जरा आधी. आपण भारतीय वेळेच्या रेषेपासून पश्चिमेला आहोत म्हणून. मुलाला अंगणात एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करायला लावा आणि बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने मारायला लावा. सावली आखडत काठीच्या पायाशी जाते ते एकदा पाहिलं की सूर्य कसा फिरतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्यानंतर २१ जूनला पुन्हा बघायचं, ढग नसले तर. सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला गेलेला असतो, सावली दक्षिणेला पडते. मुलं चक्रावतात. आणि २२ डिसेंबरला दुपारी सूर्य दक्षिणेकडे जवळजवळ ४५ अंशांवर असतो, म्हणजे एक मीटर काठीची सावली साधारण एक मीटर. तेव्हा मुलगा कॉलेजात असेल, त्याला तारीख वहीत लिहून द्या. एवढ्या तीन मापांवर तो दक्षिणेच्या खिडकीवरचा छज्जा किती बाहेर काढायचा हे स्वतः काढू शकतो, कारण उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात ऊन कुठवर येतं हे त्याने डोळ्याने पाहिलंय. पश्चिमेच्या भिंतीचं मात्र छज्ज्याने भागत नाही, चारनंतरचं ऊन आडवं येतं. तिथे झाड, ओसरी, नाहीतर जाड भिंत.

आणि एक संध्याकाळ हाताने शिकवायची. रात्री नऊला मातीच्या भिंतीला आतून हात लावायचा, मग शेजारच्या स्लॅबच्या खोलीत स्टुलावर चढून छताखाली तळहात धरायचा. दिवसभर प्यायलेलं ऊन स्लॅब रात्रभर ओकत असतो. माणसं अंगणात खाटा का टाकतात याचं कारण मुलाच्या तळहाताला कळतं. त्या मुलीने वहीत फक्त एवढंच लिहिलं होतं: "स्लॅब तव्यासारखा. आपली भिंत माठासारखी."

मिस्तरींच्या हाताखाली तीन दिवस

साइटवर न्या, पण फिरवून आणू नका. मिस्तरींच्या हाताखाली द्या. तीन दिवस पुरतात. मी आधीच मिस्तरींना सांगून ठेवते की ही मुलगी विटा देईल, पाणी मारेल, आणि प्रश्न विचारेल.

पहिल्या दिवशी लाइन आउट, म्हणजे भिंती कुठे येणार ते जमिनीवर आखणं. दोरीने तीन फूट, चार फूट आणि कर्ण पाच फूट धरून काटकोन कसा पकडतात ते तिने पाहिलं आणि ओरडली, "हे तर पायथागोरस!" मिस्तरी म्हणाले, आम्ही याला गुण्या म्हणतो. दुसऱ्या दिवशी पाण्याची नळी. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना एकच पातळी कशी मिळते, मधे खोल्या आल्या, भिंती आल्या तरी. तिसऱ्या दिवशी कोरड्या विटा रचायच्या, सिमेंटशिवाय. एकावर एक सांधे येऊ न देता नऊ इंची भिंतीचा कोपरा रचून बघायचा. कोपऱ्यात वीट अर्धी, पाव कुठे घालावी लागते हे पुस्तकातल्या आकृतीवरून आठवडाभर कळत नाही, तिथे तासाभरात कळतं.

जिन्याचं माप इथेच शिकवा. पायरीची उंची दोनदा आणि रुंदी एकदा मिळवली की साठ ते त्रेसष्ट सेंटिमीटर भरावं, म्हणजे पाय सहज पडतो. पंधराची उंची, तीसची रुंदी, साठ. वीस आणि पंचवीसचा जिना पासष्ट होतो, आणि चढणाऱ्याला दम लागतो. शाळा, बँक, रेल्वेचा पूल, देऊळ, असे दहा जिने मोजून आणायला सांगा आणि प्रत्येकापुढे लिहायला लावा: चढताना कसं वाटलं. कोणता जिना आजीला जमेल?

बघायला कुठे न्यायचं

दूर जायची गरज नाही. पारोळ्याचा भुईकोट गावाच्या मधोमध आहे, खंदकासकट. एक दिवस तिथे बसून रेखाटन करायचं, पण चित्र म्हणून नाही. तटाची जाडी किती, दरवाजा सरळ का उघडत नाही, बुरुजावरून काय दिसतं, असे प्रश्न रेघांनी सोडवायचे.

धुळ्याला दोन तास पायी फिरवा. आधी जुन्या धुळ्याच्या वळणावळणाच्या गल्ल्या, मग नव्या शहरातल्या नंबरच्या सरळ, समांतर गल्ल्या. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि बाजारपेठ वसवली. एकाच गावात आपोआप वाढलेला भाग आणि आखून वसवलेला भाग शेजारी शेजारी आहेत. कुठल्या गल्लीत सावली जास्त, कुठे ओटे आहेत, बायका कुठे बसलेल्या दिसतात, हे मुलाने टिपायचं.

अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर. सोमवारी बंद असतं, ते ध्यानात ठेवा. चित्रं बघायला सगळेच जातात. तुम्ही १९ आणि २६ क्रमांकाच्या चैत्यांत, म्हणजे प्रार्थनेच्या लेण्यांत, छताच्या दगडी फासळ्या दाखवा. लाकडी घराची कमान दगडात उतरवली आहे, दगडाला तिची गरज नसताना. आणि २४ क्रमांकाचं लेणं अपुरं राहिलेलं आहे. तिथे मुलाला वेळ द्या. काम वरून खाली कसं आलं, खांब कसे सुटे होत गेले, ते तिथे अर्ध्यावर थांबलेलं दिसतं. पुऱ्या झालेल्या लेण्यात ते दिसत नाही.

फैजपूरचं नावही एकदा घ्या. १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी, खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, तिथलं सजावटीचं आणि मंडपाचं काम चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि इथल्याच साध्या सामानातून उभं केलं होतं. यावल-रावेरच्या मुलांना हे सांगितलं की त्यांची मान जरा वर होते. आपल्या बांबूला, आपल्या मातीला या विषयात जागा आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं पाहिजे.

मॉडेल

थोडक्यात. माउंट बोर्ड म्हणजे जाड पुठ्ठा, स्टीलची पट्टी, कटर, फेव्हिकॉल. कटर एका दमात दाबून चालवायचा नाही, त्याच रेघेवर हलक्या हाताने तीन-चार वेळा. पात्याचं टोक बोथट झालं की लगेच तोडायचं, कारण बोथट पातं घसरतं आणि बोट कापतं. प्लास्टिकची पट्टी धरून कापायचं नाही. पट्टी धरलेली बोटं पात्याच्या वाटेत ठेवायची नाहीत. स्वतःच्याच घराचं १:५० चं मॉडेल, छत काढता येईल असं. भिंतीची जाडी बोर्डाचे थर चिकटवून दाखवायची.

बोलायला शिकवा

आपल्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हे मी कधीच सोडत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकलेला एक मुलगा शहरातल्या एका कॉलेजात गेला. त्याच्याकडून मी मेभर सॉफ्टवेअर करून घेतलं होतं. फोनवरच्या बंगल्यांसारखे सुंदर बंगले तो संगणकावर काढायचा. पहिल्या आठवड्यात होस्टेलची खोली मोजून काढायला सांगितली, तर त्याने कॉट चार फुटांची काढली. पहिल्या जुरीत, म्हणजे भिंतीवर शीट लावून बाहेरून आलेल्या आर्किटेक्टांसमोर बोलायचं असतं तिथे, त्याला विचारलं की हे दार इथे का. त्याला उत्तर माहीत होतं. पण इंग्रजीत तोंडातून येईना आणि मराठीत बोलायची लाज वाटली. तो गप्प उभा राहिला. रात्री होस्टेलमधून मला फोन करून रडला. मी त्याला चुकीचं शिकवलं होतं, हे मला त्या रात्री स्वच्छ दिसलं. त्या वर्षापासून माझ्या उन्हाळ्यात सॉफ्टवेअर नाही. ते कॉलेजात येतंच, आणि लॅपटॉपही कॉलेज सांगेल तेव्हा, सांगेल तसा घ्यावा. घाईने घेतलेल्या लॅपटॉपवर शेतकऱ्याच्या घरचे पैसे जातात.

त्याऐवजी दर शनिवारी भिंतीवर शीट लावा. समोर तुम्ही, मिस्तरी, आई, शेजारची एखादी काकू. मुलाने उभं राहून तीन गोष्टी सांगायच्या: मी काय पाहिलं, मी काय ठरवलं, का ठरवलं. आधी मराठीत, अहिराणीत म्हटलं तरी चालेल, पण गाळलेलं, मुद्द्याचं. मराठीत धड सांगता आलं की मगच तेच इंग्रजीत, लहान लहान वाक्यांत. शब्दाला शब्द लावायचा नाही. फोनवर रेकॉर्ड करून स्वतःच ऐकायचं. प्लॅन, सेक्शन, बीम, कॉलम, लिंटेल हे शब्द आपल्या मिस्तरींच्या तोंडी रोज असतात, त्यामुळे शब्दांची अडचण नसतेच. अडते ते वाक्य, आणि त्याहून जास्त धीर.

काकूंना बोलू द्या. त्या मुलीच्या शीटसमोर एक काकू म्हणाल्या, "सगळं छान, पण धुणं कुठे वाळत घालायचं?" मुलीच्या प्लॅनमध्ये जागा नव्हती. ती खजील झाली नाही, तिने वही काढून लिहून घेतलं. तेव्हा मला तिच्याबद्दल खात्री वाटली.

टीका ऐकायची सवय घरच्या माणसांत लागली तर बरं. टीका शीटवर असते, आपल्यावर नसते, हे नुसतं सांगून कळत नाही, दहा शनिवार जावे लागतात. आणि रात्र-रात्र जागायची सवय मात्र लावू नका. या शिक्षणात जागरणाला मोठेपणा चिकटलेला आहे. माझ्याकडे संध्याकाळी सातला काम थांबतं, अपुरं असलं तरी. कटर हातात असताना झोप आलेली मुलं मी पाहिली आहेत.

सामान आणि शेवटचा आठवडा

खरेदीची घाई नको. कॉलेज आपली यादी देतं. आधी घ्यायचं ते इतकंच: एचबी, टू-बी, फोर-बी पेन्सिली, एक चांगली स्टीलची पट्टी, दोन सेट-स्क्वेअर, तिकोनी स्केल, कटर आणि टेप. ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअर वरच्या वर्गातल्या मुलांकडून जुने मिळतात, माझ्याकडचे दोन बोर्ड असेच दरवर्षी फिरत असतात.

शेवटच्या आठवड्यात पहिल्या दिवशीचा कागद काढा, डोंगर आणि नारळवाला. त्याच्या शेजारी मुलाने पुन्हा, टेप न घेता, आठवणीने आपलं घर काढायचं. त्या मुलीने ओटा काढला, जोतं काढलं, जाड भिंती काढल्या, धाबं काढलं, सान्यातून पडलेला उजेड काढला, आणि अंगणात कडुनिंबाची सावली दुपारी कुठे असते तिथेच काढली. वडिलांना बोलावून दोन्ही कागद दाखवले. ते दुसऱ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि बोट ठेवून म्हणाले, "हाऊ आपला कडुनिंब शे."

दिवाळीत मुलं येतात तेव्हा टेप घेऊनच यायला सांगून ठेवा. ती मुलगी पहिल्या दिवाळीत आली तेव्हा त्यांच्या गल्लीतलं एक जुनं धाब्याचं घर पाडायला काढलं होतं, तिथे स्लॅबचं घर होणार होतं. जेसीबी सोमवारी यायचा होता. तिने शनिवार-रविवार भावाला घेऊन सगळं घर मोजलं, कर्णांसकट, सान्यासकट. आता ते घर तिच्या वहीत चार पानांवर आहे. शेवटच्या पानावर सेक्शन आहे, आणि बाहेरच्या भिंतीपुढे लिहिलंय: माती, ६५ सेंमी.